आमचे हे मॉडेल झाले

"काकू, जरा इकडे या ना, कढीपत्ता देते. आणि ऐकलंत का, आमचे हे मॉडेल झालेत."

"कोण, श्रीकांत? पोट केवढं सुटलंय त्याचं!"

"तेच तर हवंय त्यांना. स्टॉक फोटो म्हणतात. आधी काढून ठेवायचे, मग लागेल त्याने विकत घ्यायचे. बँकेच्या पत्रकावर ते हसरं म्हातारं जोडपं असतं ना, ते काय त्या बँकेचं खातेदार असतं होय? भाच्याचा मित्र फोटो काढतो. तो म्हणाला, देखणी पोरं पैशाला पासरी मिळतात, चष्मा कपाळावर चढवून मोबाइल शोधणारे खरे आजोबा मिळत नाहीत. तो भाषणं देणारा संदीप माहेश्वरी, त्याने 2006 साली इमेजेसबझार काढलं, तेही आपल्यासारख्या भारतीय चेहऱ्यांच्या फोटोंवरच."

"मग तो पोर्टफोलिओ का काय, तो नको? पमीच्या मुलीने केवढे पैसे ओतले होते त्यात."

"छे! खिडकीच्या उजेडात मोबाइलवर चार फोटो काढले. समोरून, बाजूने, उभं राहून आणि हसताना. हसताना काढायला दुपार गेली, ते सोडा. जो आधी नोंदणीचे पैसे मागेल त्याच्या दारात उभं राहायचं नाही, असं भाच्याने बजावलंय. कपडे आपलेच, पण छातीवर कुठल्या कंपनीचं नाव-चिन्ह नको. ह्यांचे निम्मे टीशर्ट तिथेच बाद. सगळे मॅरेथॉनचे! त्यात हे कधी धावले ते विचारू नका."

"पैसे काय देतात?"

"दिवसाचे ठरवून, एकदाच. पुढे तो फोटो हजारदा विकला गेला तरी आपल्याला दमडी नाही. फोटो काढणाऱ्यालाही घबाड मिळतं असं नाही हो. शटरस्टॉक म्हणून फोटो विकणारी साइट आहे, तिथे 2020 पासून एका डाउनलोडला 10 सेंट इतका खाली भाव येतो. पण खरी गोम त्या कागदात आहे, मॉडेल रिलीजच्या. नाव, जन्मतारीख, सही, साक्षीदार. मूल असेल तर आईबापाची सही. ती झाली की फोटो जाहिरातीला मोकळा."

"कशाच्याही?"

"अश्लील किंवा बदनामीचं चालत नाही. पण उद्या मूळव्याधीच्या मलमावर हे झळकले तर आश्चर्य नको. न्यूयॉर्कमध्ये 2013 साली एका बाईचा फोटो एचआयव्हीच्या सरकारी जाहिरातीत आला. तिला तसलं काही नव्हतंच, आणि सहीसुद्धा केलेली नव्हती. तिने थेट फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेसवर दावा लावला."

"आपल्याकडे नाही का, 2019च्या निवडणुकीत राज ठाकरेंनी एक अख्खं कुटुंबच स्टेजवर उभं केलं होतं. त्या कुटुंबाचा फोटो परस्पर लाभार्थी म्हणून लावलेला."

"तो बिचाऱ्यांच्या घरचा फोटो होता. ह्यांनी तर आपल्या हाताने सही केलीय. आणि हो, तो हंगेरीचा अँड्राश आराटो! साधा विजेचा इंजिनिअर. सुट्टीतले फोटो टाकले होते नेटवर, ते बघून एका फोटोग्राफरने बोलावलं. 2011 मध्ये सहज स्वतःचा फोटो शोधून बघतो तर काय, जगभर त्याच्या हसण्याची टर उडवतायत. दुःख लपवून हसणारा हॅरॉल्ड असं नावही ठेवून मोकळे झालेले लोक. सुरुवातीला वैतागला, पण पुढे त्यावरच भाषणं, जाहिराती मिळवल्या."

"श्रीकांतला सांगितलंस हे?"

"सांगितलं. म्हणाले, 'जगभर?' आणि आरशासमोर गेले. एरवी घरात चहाचा कप विसळत नाहीत, काकू, आणि परवा दोन तास एप्रन बांधून आनंदाने गाजर चिरत होते. 'स्वयंपाकात मदत करणारे ज्येष्ठ पती.' मी दारात उभी राहून बघत होते, मला कोणी फोटोत घेतलं नाही."

"मग तू का नाही जात?"

"आता पुढचे फोटो आमच्याच स्वयंपाकघरात काढायचे म्हणतायत, दोघांचे. जुनी मांडणी, पितळेचे डबे, भाच्याच्या मित्राला फार आवडलं. पण घराचाही असाच कागद लागतो, मालकाच्या सहीचा. आणि घर अजून सासूबाईंच्या नावावर आहे. तुमची मैत्रीण. तुम्हीच विषय काढा ना!"

"काढते. पण सांगून ठेवते, ती आधी विचारेल, डब्यांचं भाडं वेगळं का?"