एपीकाका

एपीकाकांना तुम्ही ओळखता. एडिसनला राहत असाल तर याच नावानं, ह्यूस्टनला किंवा बे एरियात असाल तर दुसऱ्या एखाद्या. मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट तुमच्यापर्यंत पोचायच्या आत ते तुमच्यापर्यंत पोचतात. निरांजनावर हात फिरवून डोळ्यांना लावतात आणि त्याच हातानं फोन काढत विचारतात, "तुमची अकरावीत ना? बारावीला काय घेतेय?"

फोनमध्ये शीट असते. मंडळातल्या प्रत्येक हायस्कुली पोराची तिथे एक ओळ. हिरवी म्हणजे निर्धास्त, पिवळी म्हणजे "जरा बसून बोलू या", लाल म्हणजे आईबापांना चपलांच्या स्टँडपाशी बाजूला घेणं. तुम्ही माहिती दिली नाही म्हणून तुमची ओळ नसेल, या भ्रमात राहू नका. दिवाळीच्या कार्यक्रमात तुमची मुलगी लावणीवर नाचत असते, तुम्ही व्हिडिओ काढत असता, आणि मागच्या रांगेतून कानाशी आवाज येतो, "छान नाचते हो. पण पिवळ्यात आहे."

आमची पिवळ्यात गेली ती सायकॉलॉजीपायी. बारावीला फिजिक्स सी सोडून तिनं ते घेतलं. "तेही एपीच आहे की," मी म्हणालो. साबुदाण्याच्या खिचडीत लसूण घालणाऱ्याकडे बघावं तसं काकांनी माझ्याकडे बघितलं.

मग त्यांनी मला तो चौकोन समजावला. कॉमन ॲपमध्ये शाळेच्या कौन्सेलरला एक प्रश्न असतो: तुमच्या शाळेत जे मिळतं त्या मानानं या विद्यार्थ्यानं घेतलेले विषय किती कठीण? सगळ्यांत वरचं उत्तर 'मोस्ट डिमांडिंग'. काकांचं कुलदैवत तुळजापूरला असलं तरी वास्तव्य या चौकोनात. शाळेत पाचच एपी असतील तर चार घेणारा शूर. पंचवीस असतील तर तोच चार घेणारा लाल. खूण एक पायरी खाली, 'व्हेरी डिमांडिंग'वर गेली, की काका सुतक असल्यासारखे हळू बोलतात.

गंमत अशी, की त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. बारावीचे विषय ठरतात अकरावीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. अर्ज १ ऑगस्टला उघडतो, अर्लीवाल्यांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर. तोवर बारावीचे मार्क असतात कुठे? कॉलेजला दिसते ती नुसती विषयांची यादी. एपीची परीक्षा मेमध्ये, निकाल जुलैमध्ये, आणि कुठल्या कॉलेजला जायचं ते १ मेपर्यंत कळवायचं. म्हणजे बारावीच्या एपीत ५ पडले काय किंवा २ पडले काय, क्रेडिटपुरता फरक. प्रवेशाचा निकाल कधीच लागलेला. "पण वर्गातले मार्क सांभाळायचे हं," काका बोट नाचवतात. "मिड-इयर रिपोर्ट जातो, शेवटची ट्रान्सक्रिप्ट जाते. ढेपाळला की दिलेली सीट काढून घेतात." वसंतात ढेपाळणाऱ्यांसाठी शीटमध्ये जांभळा रंग आहे.

गणिताच्या बाबतीत तर ते मागे मागे जातात. बारावीला कॅल्क्युलस हवा, तर अकरावीला प्री-कॅल्क्युलस, दहावीला अल्जेब्रा टू, नववीला जॉमेट्री, म्हणजे आठवीला अल्जेब्रा वन झालाच पाहिजे. हे त्यांनी एका बारशात सांगितलं. पाळण्यावर वाकून. बाळाच्या आईला वाटलं, काका कानात नाव सांगतायत. बाळाची ओळ अजून रंगवलेली नाही, असं त्यांनी जाताना आवर्जून सांगितलं.

एवढं करून शीट दगा देते. मंडळातला सगळ्यांत हिरवा मुलगा, कॅल्क्युलस बीसी अकरावीतच उरकून बारावीला कम्युनिटी कॉलेजात मल्टिव्हेरिएबल शिकणारा, गेल्या मार्चमध्ये हव्या त्या प्रत्येक ठिकाणी नाकारला गेला. आणि ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात शनिवार-रविवार काउंटर सांभाळणारी, बारावीला सुतारकाम घेतलेली, कधीची लाल पडलेली मुलगी जिथे गेली त्या कॉलेजचं नाव काका हात जोडून घेतात. त्या रात्री त्यांचा फोन आला. "फॉर्म्युला कुठे चुकला असेल?"

इथे कटऑफ नसतो, हे त्यांना पटतच नाही. ते लातूरचे. त्यांच्या वेळी सीईटी नव्हती. बारावीच्या मार्कांवर यादी लागायची, कॉलेजच्या भिंतीवर, आणि घामट खांद्यांमधून मान घालून ती वाचायची. काकांचं मेडिकल दोन मार्कांनी गेलं. हे ते पापड मोडता मोडता सांगतात आणि लगेच कोशिंबिरीकडे वळतात. "पण यादी लागायची हो. का गेलं ते कळायचं."

माणूस कटकट्या आहे, यात माझं मत बदललेलं नाही. तरी एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या हिवाळ्यात पुण्याहून एक कुटुंब आलं, दहावी झालेला मुलगा घेऊन. शाळेनं भारतातली मार्कशीट बघून त्याला जॉमेट्रीत बसवलं. काकांनी आपल्या बोर्डाची दहावीची गणिताची दोन्ही पुस्तकं मागवली, प्रकरणांची नावं आणि निवडक उदाहरणं इंग्रजीत उतरवली, त्रिकोणमितीच्या पानांना चिकटपट्ट्या लावल्या, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून कौन्सेलरसमोर जाऊन बसले. मुलगा प्री-कॅल्क्युलसमध्ये गेला. याच कामाचे इथले खाजगी सल्लागार हजारो डॉलर घेतात. काकांनी चहासुद्धा घेतला नाही. त्यांना घरी जाऊन ओळ रंगवायची होती.

त्यांना सोडायला जाताना मी गाडीत सहज विचारलं, "काका, तुम्हाला स्वतःला काय घ्यायचं होतं बारावीला?"

"घ्यायचं म्हणजे?"

"म्हणजे आवडीचं."

ते बराच वेळ बाहेर बघत राहिले. टर्नपाइकचं एक एक्झिट गेलं. "भूगोल बरा होता माझा," ते म्हणाले. "नकाशे काढायचो. गोदावरीचं खोरं न बघता काढायचो मी. उपनद्यांसकट." मग एकदम सावरून बसले. "पण मुलीला सांगा, एपी ह्यूमन जॉग्रफी घेऊ नको म्हणावं. नववीतली पोरं घेतात ते."