क्युसेककाका

सरकारी नोकरीतून माणूस निवृत्त होतो तेव्हा खुर्ची, शिक्का आणि शिपाई परत करतो. खातं मात्र पिशवीत घालून घरी आणतो. नगरच्या सावेडीत अशी माणसं घरटी एक सापडतील. एसटीचा माजी कंट्रोलर नातवाला शाळेत सोडायला दोन मिनिटं उशीर झाला की सुनेला खुलासा मागतो. बँकेचा माजी कॅशियर भाजीवाल्याची दहाची नोटसुद्धा उजेडात धरून बघतो. आमच्या गल्लीतले क्युसेककाका पाटबंधारे खात्यातले. मुळा धरणाच्या कालव्यावर त्यांची हयात गेली. 26 टीएमसीच्या धरणाचं पाणी चारीचारीनं वाटलेला हा माणूस आता घरच्या हजार लिटरच्या टाकीवर नेमणुकीला आहे. नळ दिवसाआड येतो, त्याला ते ‘आवर्तन’ म्हणतात. टाकीच्या तळाला उरतो तो ‘मृतसाठा’. पाणी द्यायचं तर आधी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला, मग वरच्यांना, हे त्यांचं जन्माचं ब्रीद. त्यामुळे त्यांच्याकडे चहासुद्धा आधी दारापाशी बसलेल्याला मिळतो आणि गॅसजवळच्या काकूंना सर्वांत शेवटी.

त्यांच्याकडे अंघोळीच्या टबाचं प्रकरण निघालं ते गल्लीतल्या खुब्यांवरून. दोन-तीन वर्षांत एवढ्या जणांना ‘बॉल’ बसला, की आता फक्त बॅट आणायची बाकी आहे. सगळे न्हाणीत घसरलेले. पूर्वी मोरीला शहाबादी फरशी असायची. खडबडीत, पाय धरून ठेवणारी. पोरं कमावती झाली आणि त्यांनी आईबापांसाठी हौसेनं तोंड दिसेल अशा टाइल्स बसवल्या. आता तोंड दिसतं, पण फार जवळून.

एका सकाळी काकांच्या न्हाणीतून मोठा आवाज आला. पंधरा मिनिटांनी काका बाहेर आले, जरासे लंगडत.

“काय झालं हो?”

“बादली पडली.”

“मग बादलीच्या ढोपराला आयोडेक्स लावू का?” काकूंनी विचारलं.

रात्री ही बातमी न्यू जर्सीला मुलाकडे पोचली आणि पहाटे तिकडून एक फोटो आला. पांढराशुभ्र टब आणि त्याला चक्क दार! “बाबा, दार उघडायचं, आत बैठक आहे तिच्यावर बसायचं, दार लावायचं, मग पाणी सोडायचं. पाय उचलून ओलांडायला नको की काही नको. पैशांची काळजी करू नका.” काकूंनी फोन हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, “घंगाळाला दार!”

काकांनी मात्र फाइल उघडली. खरीखुरी, पुठ्ठा, नाडी, वर विषय. माझी नेमणूक त्यांनी परस्पर ‘स्थानिक सल्लागार’ म्हणून केली, म्हणजे रोज संध्याकाळी ऐकायला बसायचं.

पहिला मुद्दा गेटचा. गेट आत उघडतं की बाहेर? आत उघडणारं असलं तर पाण्याचाच दाब त्याला चौकटीवर आवळून धरतो, गळती होत नाही. “हे तंत्र चांगलं आहे,” काका म्हणाले. “पण टब भरलेला असताना आतल्या माणसाला चक्कर आली, तर पाणी उतरेपर्यंत गेट उघडायचं नाही.” बाहेर उघडणारं घ्यावं तर समोर जागा हवी, आणि सगळी भिस्त त्या रबरी पट्टीवर. गेटच्या रबराविषयी ते बोलायला लागले की मुळेच्या कालव्यावरची तीस वर्षं एकदम गळायला लागतात, म्हणून तो भाग मी गाळतो.

दुसरा मुद्दा विसर्गाचा. टबाला पाणी लागतं साधारण दोनशे लिटर. “एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. माझ्या चारीतून एवढं पाणी सात सेकंदांत जायचं!” हे सांगताना त्यांची छाती फुगली. मग नळाचा हिशेब निघाला. मिनिटाला दहा लिटर धरले तर वीस मिनिटं. ही वीस मिनिटं लाभधारकानं आत उघड्यानं बसायचं, कारण दार लावल्याशिवाय पाणी सोडता येत नाही. अंघोळ झाल्यावर पाणी निघून जाईपर्यंत पुन्हा बसायचं, कारण पाणी गेल्याशिवाय दार उघडता येत नाही.

“नगरच्या थंडीत?” काकूंनी आतून विचारलं. या प्रश्नाची फाइलमध्ये नोंद नाही.

गरम पाण्याचं गणित तर त्याहून बिकट. गीझर पंधरा लिटरचा. साठ अंशांचं पाणी नि वीस अंशांचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की अंगाला सोसेल असं चाळीस अंशांचं होतं. म्हणजे कढत पाणी शंभर लिटर, म्हणजे जवळजवळ सात गीझर. “निजामशहानं कापूरवाडीहून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं,” काका उसासून म्हणाले, “पण ते गार होतं.”

मधेच काकूंचा भाऊ हिवरे बाजारहून आला. त्या गावात दरवर्षी ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि तो बघूनच कुठली पिकं घ्यायची ते ठरवतात. एका अंघोळीला दोनशे लिटर हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “दाजी, त्यापेक्षा ऊस लावा.”

टबाला मी नावं ठेवणार नाही. ज्याचे सांधे आखडलेत, ज्याला तासभर गरम पाण्यात बुडून राहिल्यावर सुख लागतं आणि ज्याच्या घरी पाणी न मोजता येतं, त्याच्यासाठी ती चांगलीच सोय आहे. पण आपली अंघोळ बुडण्याची नव्हेच, ओतून घेण्याची. पाटावर बसायचं, तांब्या घ्यायचा. बसलेला माणूस पडून पडणार किती? आपण शॉवरखाली उभे राहिलो आणि पडायला लागलो. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ते ‘संकीर्ण’मध्ये टाकलं.

फाइल दोन महिने चालली. तिसऱ्या महिन्यात काकू कणकेचे हात धुऊन आल्या आणि न्हाणीच्या चौकटीला वीत लावत म्हणाल्या, “दार तीन विता. तुमचा टब केवढा?”

काकांनी कागद चाळले. “रुंदी तीस इंच.”

“म्हणजे तीन विता चार बोटं.”

चार बोटांनी फाइल बंद झाली. काकांनी शेरा मारला: ‘स्थळ अयोग्य.’

मग मिस्त्री आला. त्यानं चकचकीत टाइल्स उखडून खडबडीत फरशी घातली, उताराला हात फिरवून पाणी साचत नाही ना ते पाहिलं. भिंतीत आतवर पकड घेणारा स्टीलचा दांडा कमरेच्या उंचीला ठोकला. चिकटवायच्या रबरी चकत्यांच्या दांड्याचा नमुना काकांनी बाजारातून आणला होता, तो मिस्त्रीनं दोन बोटांनी उपटून दाखवला. रबरी बुटांचं स्टूल आलं, बसून हातात धरायचा शॉवर आला. दार आत उघडायचं ते फिरवून बाहेर उघडणारं केलं, कारण आतला माणूस दाराला टेकून पडला तर बाहेरच्यानं ढकलायचं कसं? आतली कडीही निघाली. सगळं काम तीन दिवसांत. काकांनी मोजमाप वहीत नोंद करून मिस्त्रीची सही घेतली.

परवा सकाळी मी काकांकडे पेपर आणायला गेलो तर न्हाणीच्या दारावर पाटी लटकत होती: ‘आवर्तन सुरू.’ काकू बाहेर लसूण सोलत बसलेल्या. दर दोन मिनिटांनी त्या हाक मारत होत्या आणि आतून उत्तर येत होतं, “पाणीसाठा समाधानकारक.”

“अहो, टेलला पोचलं का?”

आत शॉवर बंद झाला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

“पाठीला नाही पोचलं,” काका हळूच म्हणाले.

काकूंनी लसणाची ताटली माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि दार बाहेर ओढलं.