तेरा पाऊणे पावणेदहा

मालवणात समुद्र सुटा मिळत नाही, पॅकेजात मिळतो. तारकर्लीच्या रस्त्याला लागलं की पाट्या सुरू होतात: स्कूबा, पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना, बंपर, त्सुनामी आयलंड आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत 'डॉल्फिन दर्शन फ्री'. हे डॉल्फिनला कुणी कळवलेलं असतं की नाही, कोण जाणे.

आमच्याबरोबर साडू होते. साडू एका बँकेत वसुलीला होते. निवृत्त झाले, पण वसुली सुटली नाही. दिलेल्या पैशाचा समुद्र पुरेपूर मिळालाच पाहिजे, या बाण्यानं ते पाटीपाटीपाशी गाडी थांबवत होते. एका ठिकाणी 'सेव्हन इन वन'चा भाव पाडून झाल्यावर त्यांनी ज्येष्ठ नागरिकांची सवलत मागितली. पोरगा म्हणाला, "काका, समुद्र सगळ्यांक सारखोच खारट." तरीही साडूंनी व्हिडिओ फुकट कबूल करून घेतलाच.

आमच्या हिच्या मावशीही होत्या. माहेर वेंगुर्ल्याचं, सासर पुण्याचं. पुण्यात त्या तुपाळ शुद्ध बोलत. गाडीनं कुडाळ सोडलं आणि त्यांची भाषा अशी काही मोकळी सुटली की साडू मला हळूच म्हणाले, "मावशी शिव्या देतायत का?" नव्हत्या देत. काजूचा भाव विचारत होत्या.

मुक्काम देवबागला, तिथल्या एका काकींच्या घरी. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि तिच्या पुढे हे गाव. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची एक चिंचोळी पट्टी. इथल्या माणसाला पुढच्या दारी लाट आणि मागच्या दारी खाडी. टोकाला जाऊन नदी समुद्राला मिळते तो संगम, आणि पॅकेजातल्या सातांपैकी निम्म्याहून जास्त गोष्टी त्याच्याच आसपास उरकतात.

साडूंनी रात्रीच वेळापत्रक केलं होतं: सहा ते सात डॉल्फिन, सात ते आठ नाश्ता, आठ ते नऊ खरेदी, पावणेदहाला त्सुनामी आयलंड. मावशींनी विचारलं, "उद्या तिथी कोणती?" साडू म्हणाले, तिथीचा काय संबंध, बुकिंग आहे. मावशींनी पर्समधलं खिशातलं कॅलेंडर काढलं. "त्रयोदशी. तेरा पाऊणे पावणेदहा. पावणेदहाला पुरी भरती. बेटावर जायचंय की बेटाच्या पाण्यात?"

किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची घटका येते. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून पाऊणकी. हिशेब ढोबळ आहे, गावागणिक थोडा इकडेतिकडे होतो, पण त्याला बॅटरी लागत नाही. आमच्या पिढीनं पाऊणकी पाठ करून गणिताच्या गुरुजींचा मार चुकवला. ती समुद्राच्या कामाची आहे हे गुरुजींनी सांगितलं असतं तर निदान दुपटीनं पाठ केली असती.

डॉल्फिनचं थोडक्यात सांगतो, कारण तेही थोडक्यातच दिसले. तासभर होडीतली सगळी मंडळी दाही दिशांना बोटं दाखवत होती. साडूंनी तांडेलाला जाब विचारला. तांडेल विडी पेटवत म्हणाला, "तो काय माझो चाकर नाय. दिसतलो तेव्हा दिसतलो." आणि मग दिसला. एक करडी पाठ, एक फुस्स, संपलं. साडूंचा मोबाइल त्या वेळी नेमका मावशींच्या कानाचं छायाचित्र घेत होता.

पावणेदहाला आम्ही त्सुनामी आयलंडवर पोचलो. म्हणजे, पोचलो असं सांगण्यात आलं. समोर पाण्यात झोपड्या उभ्या होत्या, पाण्यात खुर्च्या होत्या आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून माणसं भजी खात होती. हा संगमावरचा वाळूचा उंचवटा. 2004च्या त्सुनामीनंतर वर आला असं इथं सांगतात. भरतीला तो पुन्हा खाली जातो आणि त्याच्यावरचं दुकान मात्र चालू राहतं. भारतात कुठलीही जमीन पाण्याखाली गेली तर पंचनामा होतो. इथं चहा मिळतो. साडू पाण्यातल्या खुर्चीत बसले, पाण्यातूनच त्यांची एक चप्पल निघून गेली आणि ती देवबागच्या दिशेनं आमच्या आधी मुक्कामाला लागली. मावशी काही बोलल्या नाहीत. फक्त तांडेलाकडे पाहिलं, आणि तांडेलानंही त्यांच्याकडे पाहिलं. एका खात्यातली माणसं एकमेकांकडे पाहतात तसं.

बनाना राइडमध्ये एका हवाभरल्या पिवळ्या नळकांड्यावर सहा जण मागेपुढे बसतात आणि मोटरबोट त्यांना ओढत नेते. किनारा जवळ आला की चालक एक झकास वळण घेतो आणि सहाच्या सहा जण पाण्यात. पाडणं हा सेवेचा भाग आहे. बँकेनं असं काही केलं असतं तर ग्राहक मंचात गेलो असतो. इथं मात्र पडलेली माणसं डोकं वर काढून 'परत, परत' म्हणत होती.

पण खरा प्रसंग स्कूबाचा. त्यासाठी मालवणच्या किनाऱ्यावर यावं लागतं. सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र खडकाळ, आणि खडक तिथं प्रवाळ आणि मासे. 1987 साली इथलं 29 चौरस किलोमीटरहून थोडं जास्त क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. हे मी साडूंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, त्याचं तिकीट पॅकेजात आहे ना?

आधी अर्ज भरून घेतात. त्यात दमा आहे का, रक्तदाब आहे का असं विचारतात आणि साठीच्या माणसाला आपण किती शूर आहोत ते उगाच वाटू लागतं. मग रबरी पोशाख. तो अंगात चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरवायला तीन. मग तोंडात नळी. नाक बंद, श्वास तोंडानं. खाली जाताना कान दुखले तर नाक चिमटीत धरून फुंकायचं, कारण पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. आम्ही काही दहा मीटर जाणार नव्हतो, पण साडूंचे कान होडीतच दुखू लागले होते.

सर्वांत महत्त्वाच्या खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवली की 'ठीक'. अंगठा वर केला की 'मला वर न्या'. प्रशिक्षक पोरानं हे सगळं नीट सांगितलं. "घाबरा नकात," तो म्हणाला, "मी धरून आसय." पण साडूंनी उभ्या आयुष्यात कुठल्याही चांगल्या गोष्टीला अंगठाच दाखवला होता. खाली गेले, रंगीत मासा दिसला, मन भरून आलं, अंगठा वर. पोरानं त्यांना तत्काळ वर आणलं. वर येऊन साडू ओरडले, "अहो, वर का आणलं?" पुन्हा खाली. पुन्हा मासा, पुन्हा आनंद, पुन्हा अंगठा. बाकीच्यांनी समुद्राचा तळ पाहिला. साडूंनी तळ आणि आकाश आलटून पालटून पाहिलं. शेवटी पोरानं त्यांचा अंगठा मुठीत धरून ठेवला.

संध्याकाळी व्हिडिओ आले. माझ्या तोंडासमोरून एक काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा मासा जातो. तोच मासा साडूंच्या व्हिडिओत आहे. शेजारच्या खोलीतल्या कोल्हापूरच्या मंडळींच्या व्हिडिओतही तोच. पगारी असावा.

किल्ल्याला साडूंनी 'पॅकेजबाहेर' म्हणून शेवटी ठेवलं होतं. मालवण जेटीवरून होडी सुटते आणि परतीसाठी साधारण तासाची मुदत देते. सिंधुदुर्ग 48 एकरांचा. साडूंनी होडीतच हिशेब केला, एकराला सव्वा मिनिट. तटापाशी उतरलो तर दरवाजा दिसेना. नागमोडी तटाच्या वळणात तो असा लपवलाय की अगदी पुढ्यात जाईपर्यंत भिंतच वाटते. सव्वा मिनिट तिथंच गेलं. "दारच सापडत नाही, ही कसली व्यवस्था?" साडू म्हणाले. वाटाड्या म्हणाला, "शत्रूपण ह्याच म्हणा होतो."

महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर याचा मुहूर्त केला. पायात शिसं ओतलं, बांधकामावर हिरोजी इंदुलकर, आणि तीनेक वर्षांत भर समुद्रात हे काम उभं राहिलं. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला याहून जास्त लागली. शिवराजेश्वराच्या देवळात साडू सव्वा मिनिट विसरले. पण दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींपाशी पोचेतो होडीवाल्याच्या हाका ऐकू आल्या. 2025मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात या किल्ल्याचं नाव आलं; होडीची मुदत तेवढीच राहिली. मावशी मात्र निवांत होत्या. त्यांनी किल्ल्यात राहणाऱ्या एका बाईंशी ओळख काढली, तिची नणंद वेंगुर्ल्याची निघाली, आणि होडी पंधरा मिनिटं थांबली. साडू धावून दमले ते वेगळंच.

निघायच्या दिवशी सकाळी पुळणीवर रापण चालली होती. होडीनं अर्धवर्तुळात जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि वीस-पंचवीस माणसं मागे रेलून ओढत होती. साडू हात मागे बांधून पाहत उभे राहिले. "ओ काका, नुसते बघतास काय? हात लावा!" साडूंनी आधी दर विचारला. कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी दोराला हात लावला तो अर्धा तास सोडला नाही. मधेच 'हेssय' अशी आरोळीही दिली, जी बाकीच्यांच्या आरोळीशी कुठंच जुळत नव्हती.

जाळं वर आलं. तारल्या, थोडे बांगडे, दोन खेकडे. एकानं साडूंच्या टोपीत ओंजळभर तारल्या टाकल्या. "वाटो घ्या."

"किती द्यायचे?"

"पैसे कसले? ओढलात मां?"

साडू त्या टोपीकडे बघतच राहिले. वसुलीत असं कलम नव्हतं. खोलीवर येऊन त्यांनी टोपी मोठ्या अभिमानानं काकींपुढे धरली. काकींनी एक तारली शेपटीनं उचलून पाहिली, विळी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बरी आसत. साफ कोण करतलो?"

पुढचा तासभर साडू विळीवर होते. खवलं भुवयांपर्यंत चढली होती. त्याचा व्हिडिओ मावशींनी काढला आणि साडूंनी हात धुवायच्या आत तो पुणे, वेंगुर्ला आणि न्यू जर्सीला पोचलाही होता.