मानेमागची खाज

आमच्या मोडनिंबच्या घरात ओसरीवर पिंजरा टांगल्यापासून, येईल त्या माणसाला प्रेमावर बोलायचा परवाना मिळाला आहे. हिरवा नर, पिवळी मादी. दुकानदाराने 'लव्हबर्ड' म्हणून दिले. खरे ते बजरिगर, ऑस्ट्रेलियाच्या माळरानावरचे चिमुकले पोपट. १८४० साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून जगभर फिरत फिरत ते पुणे-सोलापूर हायवेला लागले.

आमच्याकडे पूर्वी राघू असायचा. आता देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे कणसावर उतरणाऱ्या राघूला शेतात गोफण, आणि परदेशी पाहुण्याला ओसरीवर राळे, बाजरी, कोथिंबीर, शिवाय चोच घासायला समुद्रफेस!

दोघं दांडीवर चिकटून बसतात. तो मान खाली घालून डोकं फुगवतो, डोळे मिटतो. ती त्याच्या डोक्यावरचं एकेक पीस चोचीतून काढते. मग ती मान पुढं करते. बघणारे विरघळतात. यंदा आषाढीला पंढरपूरला जाताना टेकलेल्या एका काकांनी हे बघून काकूंकडे अशी काही नजर टाकली, की काकूंनी पिशवीतून मुकाट्यानं अडकित्ताच काढला.

आईचं निदान निराळं होतं. चष्मा पदराला पुसून तिनं बराच वेळ बघितलं आणि जाहीर केलं, "उवा झाल्यात त्येला."

सगळे हसले. पण खरं सांगायचं तर प्रेमवाल्या मंडळींपेक्षा आईच मुद्द्याच्या जास्त जवळ होती. पक्ष्याला नवं पीस फुटतं ते एका बारीक पांढरट वेष्टनात गुंडाळलेलं. आपली नखं ज्याची बनतात त्याच केराटिनचं. वेष्टन सुटेपर्यंत नुसती खाज. पाठ, पंख, पोट इथवर स्वतःची चोच पोचते. शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, तिथलं तेल चोचीनं घेऊन पक्षी आपलं आपण अंगाला चोपडतो. घोडं अडतं ते डोक्याशी आणि मानेमागं. पायानं खाजवता येतं, पण पीस मोकळं करायचं नाजूक काम दुसऱ्याच्या चोचीचं. दुपारच्याला ओट्यावर एकीपुढं एक बसून डोकी बघणाऱ्या बायकांचं जे चालतं, तेच हे. हे सगळं मी आईला समजावलं. पांढरं वेष्टन म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "मग लिखाच की रं त्या!"

मात्र हे काम कुणाकडूनही करून घेतलं जात नाही. दाणा फोडणारी चोच डोळ्याशेजारी फिरत असताना डोळे मिटायचे, म्हणजे समोरच्यावर भरवसा हवा. मी पिंजऱ्यात बोट घालून तेवढीच सेवा देऊ केली. मादीनं त्या बोटाला जो प्रसाद दिला, त्यावर हळद लावावी लागली.

आणि सत्ता तिचीच. नाकपुड्यांभोवतीची गादी निळी असेल तर नर, तपकिरी असेल तर मादी. पण दाण्याच्या वाटीजवळ दोन मिनिटं उभं राहिलं तर नाक बघायची गरज पडत नाही. तो बाजूला सरकतो. पिंजऱ्यात मडकं टांगताना दुकानदारानं बजावलं होतं, "दोन माद्या आन् एक मडकं, असं कधी करू नका, रक्त निघतं." आमच्या वाड्यात दोन जावा आणि एक स्वयंपाकघर. मान डोलावण्यापलीकडे मी काही बोललो नाही.

मध्यंतरी नर मान वरखाली झटकायला लागला आणि गिळलेले दाणे पुन्हा चोचीत आणायला लागला. वहिनी ओवा घेऊन धावली. ते आजारपण नव्हतं, खातिरदारी होती. ओकलेलं अन्न मादीला भरवणं ही त्यांच्यातली लाडीगोडी. पुतण्यानं हौसेनं आरसा टांगला, तर हा पठ्ठ्या आरशालाही भरवायला निघाला. आरसा त्याच दिवशी निघाला, आणि तो मादीनं नव्हे, माझ्या बायकोनं काढला.

खरी पंचाईत केली शास्त्रज्ञांनी. २००० साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की जोडी जमली की नर काही आठवड्यांत मादीची हाक उचलतो. मादी स्वतःची हाक बदलायच्या भानगडीत पडत नाही. हे वाचून दाखवल्यावर बायको म्हणाली, "बरोबरच आहे की." मीही म्हणालो, "बरोबरच आहे की." सूर तोच लागला.

त्याहून वाईट २०१९ चा चीनमधला प्रयोग. मादीनं नापसंत केलेल्या नराला गुपचूप खाऊची डबी उघडायला शिकवलं. मग तिच्यासमोर तो फटाफट डब्या उघडतोय आणि तिचा लाडका नुसता टोचा मारतोय, असं घडवून आणलं. मादीनं पसंती बदलली! त्या दिवसापासून आमच्याकडे लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं, की ती मुकाट्यानं माझ्यासमोर आणून ठेवली जाते. वर, "बघा जमतंय का."

परवा पुतण्याचं लग्न ठरलं. नव्या जोडीला पिंजऱ्यासकट एक जोडी द्यावी, असा घरात ठराव झाला. रंग कुठला यावर वाद चालला असताना आई आतून म्हणाली, "पाखरं कशाला? त्येंला एक लिखाफणी द्या, आन् म्हणावं बसा एकामागं एक."