अल्टरनेटर बदलणारे मालक

सोलापुरात गाडीचे मालक पुष्कळ. पण दर दीड-दोन वर्षांनी नवा अल्टरनेटर बसवणारे मालक हा त्यातला वेगळा वर्ग. सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागून हॉर्नचा गजर सुरू झाला, तरी हे बोनेट न उघडताच निदान सांगतात, "अल्टरनेटर गेला. हल्ली मालच बोगस येतो." मिस्त्रीने भीतभीत विचारावं, "मालक, आधी अर्थिंग बघू का?" तर उत्तर ठरलेलं, "नवीन टाक बे, नाटकं नको करू." गाडी नवी होती तेव्हा हेच मालक तिला तुळजापूरला नेऊन आले, बंपरला लिंबू-मिरची बांधली, मग एलईडीच्या पट्ट्या, ॲम्प्लिफायर आणि अक्कलकोटपर्यंत ऐकू जाईल असा हॉर्न बसवला. विजेचा खर्च वाढवताना हात सढळ; वीज परत कुठून येते, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही.

ती परत येते गाडीच्या लोखंडी अंगातून. इंजिन बसतं रबराच्या माउंटिंगवर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन, बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांना जोडायला जाड वायर किंवा विणलेली पट्टी असते; हीच अर्थिंग. तिच्या बोल्टखाली गंज चढला की हिशेब बिघडतो. अवघा 0.02 ओहमचा अडथळा आणि 50 अँपिअरचा प्रवाह धरला, तर एक पूर्ण व्होल्ट वाटेतच जिरतो. अल्टरनेटर 14.2 व्होल्ट देतो, बॅटरीला मिळतात 13.2. ती कायम अर्धपोटी राहते आणि ठपका अल्टरनेटरवर येतो. ज्या गाड्यांत रेग्युलेटर बॅटरीपाशी व्होल्टेज मोजतो, तिथे तो अल्टरनेटरला आणखी पिटाळतो. मग तो तापतो आणि डायोड खरोखरच जातात.

मालकांचा आक्षेप असतो, की हे सगळं सोलापूरच्या उन्हामुळे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णता डायोडची वैरी आहे, हे खरंच. पण तेच ऊन शेजाऱ्याच्याही गाडीवर पडतं. दुसरा दाखला जुन्या ॲम्बॅसॅडरचा: इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी चालत राहिली तर चार्जिंग ठीक. डायनामोच्या काळात हे खपून गेलं. आजच्या गाडीत वायर सुटताच व्होल्टेज उसळतं आणि डायोडसकट कंट्रोल युनिटही जाऊ शकतं. म्हणजे तपासणीच खुनी ठरते. कार्बन झिजतात, बेअरिंग वाजतं, पट्टा सैल होतो, तेव्हा दोष अल्टरनेटरकडेच असतो, हेही मान्य. म्हणून तर आधी मोजायचं. इंजिन, हेडलाईट, ब्लोअर चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या अंगाला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावायची. आकडा 0.2 व्होल्टच्या वर गेला, तर पॉलिश पेपर घेऊन पट्टीची टोकं घासायची आणि बोल्ट आवळायचा.

पाच मिनिटांचं काम. पण त्यात मोठेपणा नाही. हजारोंचा खर्च चहाच्या गाड्यावर सांगता येतो, घासलेला बोल्ट सांगता येत नाही. तेव्हा मिस्त्रींनीच युक्ती करावी: पट्टी नवी बसवावी, चकचकीत खोक्यातून काढून दाखवावी आणि बिलावर ठळक लिहावं, "स्पेशल अर्थिंग". मालक आनंदाने पैसे देतील.