टायर मोठा की मडगार्ड?

१९७०च्या शेव्हेल एसएस ४५४ या अमेरिकी गाडीत ७.४ लिटरचं इंजिन. एलएस-६ अवतारात तर ४५० अश्वशक्ती. आणि एवढी मस्ती पेलायला टायर कुठला, तर एफ७०-१४! आजच्या हिशेबात साधारण २२५/७०आर१४. पैलवानाच्या पायात शाळेचे कॅनव्हास बूट. आजच्या अमेरिकी मालकाला हे कसं खपावं? तो मागे २७५/६०आर१५ चढवतो. गाडी उभी असेपर्यंत थाट भारी. मागच्या सीटवर तिघं बसले की मडगार्डची कड रबर सोलायला लागते. मग हातोडी घेऊन कडच वाकवायची, टायर बदलायचा नाही. उंच टायरमुळे काटा ६० मैल दाखवतो तेव्हा गाडी ६३च्या पुढे असते, हे कळतं फक्त पोलिसाला. टायरवरची पांढरी अक्षरं मात्र बाहेरच्या बाजूलाच हवीत. तिथे तडजोड नाही!