चोराची आळंदी

पुण्याच्या आसमंतात दोन आळंद्या आहेत, एक देवाची आणि दुसरी चोराची. पहिलीस लाखोंची रीघ लागते आणि दुसरीची वाट सभ्य माणूस सहसा विचारीत नाही. त्यामुळे दरसाल ऑगस्टच्या सुमारास अमेरिकेतील लास व्हेगस या वाळवंटी शहरी ‘डेफ कॉन’ नावाने हॅकरांचा जो मेळा भरतो, त्यास आम्ही काही स्नेही मिळून जाणार आहोत, ही वार्ता आमच्या गृहनिर्माण संस्थेत पसरताच सचिवांनी आम्हास जिन्यात गाठून, मुदत ठेवी पत्नीच्या नावे करून जाण्याचा पोक्त सल्ला दिला, यात नवल ते काय! मंडळीत बँकेतून सन्मानाने निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, दिवाणी बाजूचे एक वकील होते, आणि आम्हा तिघा वृद्धांना सांभाळून नेण्याचे व्रत ज्याने स्वखुशीने पत्करले होते, असा आमच्याच संस्थेत राहणारा व हिंजवडीत संगणकरक्षणाची चाकरी करणारा एक तरुण मित्र होता.

या मेळ्याचा उगमच मोठा उद्बोधक आहे. १९९३ साली जेफ मॉस नावाच्या तरुणाने परगावी निघालेल्या एका मित्रासाठी निरोपसमारंभ योजिला. मित्रास ठरल्या वेळेआधीच प्रस्थान ठेवावे लागले, आणि मॉसने समारंभ रद्द करण्याऐवजी ओळखीअनोळखीच्या सर्वांनाच आमंत्रण धाडले. शंभराच्या आसपास माणसे जमली. पुढे ती संख्या तीस हजारांच्या घरात गेली. सत्कारमूर्ती गैरहजर असताही समारंभ निर्वेध पार पडतो, एवढेच नव्हे तर दरसाल वाढत जातो, हे सत्य आमच्या साहित्य संमेलनांच्या स्वागताध्यक्षांपासून आजवर कोणी दडवून ठेवले, न कळे.

प्रवेशाचा रिवाज पाहून तर आमचे वकीलमित्र अक्षरशः दिङ्मूढ झाले. दाराशी रोख रक्कम द्यावी, गळ्यात बिल्ला अडकवावा आणि आत जावे; नाव नाही, गाव नाही, ओळखपत्राची साक्षांकित प्रत नाही, हा तेथला जुना शिरस्ता. सामान्य यात्रेकरूच्या बिल्ल्यावर हुद्द्याच्या जागी ‘मनुष्य’ एवढेच लिहिलेले असते. ज्या देशात माणसास आपण हयात असल्याचा दाखला दर नोव्हेंबरात बँकेच्या खिडकीशी गुजरावा लागतो, त्या देशातून आलेल्या निवृत्तिवेतनधारकास, कोणताही दस्तऐवज न मागता परस्पर मनुष्यत्व बहाल करण्यात आल्यावर काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आमचे बँकवाले स्नेही पावतीसाठी बराच वेळ हात पुढे करून उभे होते.

या बिल्ल्यासाठी जी रांग लागते तिला तेथे ‘लाइनकॉन’ म्हणतात, म्हणजे रांग हेच एक स्वतंत्र संमेलन समजले जाते. जगातील कुलपे, तिजोऱ्या आणि सरकारी यंत्रणा भेदण्याची ज्यांची ख्याती, ते हे लोक तासन्‌तास मुकाट रांगेत उभे राहतात, हवेचे मोठाले चेंडू एकमेकांच्या डोक्यावरून टोलवतात, आणि ‘गून’ म्हणजे गुंड अशी पदवी मिरवणाऱ्या स्वयंसेवकांच्या हुकमाबाहेर पाऊल टाकीत नाहीत. दिवसाकाठी किमान तीन तास झोप, दोन वेळा भोजन आणि एकदा स्नान, असा आचारधर्मही या पंथाने घालून दिला आहे. यांपैकी तिसऱ्या कलमाचा पुनरुच्चार का करावा लागतो, हे त्या रांगेत उभे राहिल्यावर आम्हास विनाविलंब उमगले.

आत निरनिराळ्या विद्यांची ‘गावे’ वसविलेली असतात. एका गावी किल्लीवाचून कुलूप उघडण्याची दीक्षा देतात. दुसऱ्या गावी मोहोरबंद लखोटा मोहोर न मोडता कसा उघडावा, हे शिकवितात, आणि तेथे निवडणूक व न्यायालय या दोन्ही खात्यांच्या लाखबंद लखोट्यांवर आजन्म श्रद्धा ठेवून असलेल्या आमच्या वकीलमित्रांचा चेहरा पाहवेना. तिसऱ्या ठिकाणी काचेच्या खोलीत बसून स्पर्धक एखाद्या कंपनीस दूरध्वनी करतो आणि गोड बोलून तेथील नोकराच्या तोंडून आतली माहिती काढून घेतो. बाहेर प्रेक्षक श्वास रोधून ऐकतात व टाळ्या वाजवितात. ‘साहेब, तुमचे केवायसी संपले आहे’ किंवा ‘तुमच्या नावे आलेल्या पार्सलात अंमली पदार्थ सापडले असून आपणास डिजिटल अटक करण्यात आली आहे’, ही स्पर्धा आमच्याकडे बारमाही चालते आणि तीत भाग घेण्यास काच, बिल्ला वा विमानभाडे काहीच लागत नाही, हे मनात येऊन स्वदेशाविषयीचा अभिमान दाटून आला.

सर्वांत लोकप्रिय देवस्थान म्हणजे ‘मेंढ्यांची भिंत’. तेथील वाय-फायवरून जो कोणी आपला पासवर्ड उघड्या अवस्थेत धाडतो, त्याचे नाव आणि पासवर्डाची काही अक्षरे झाकून उरलेली अक्षरे त्या पडद्यावर झळकतात. हेतू लुटण्याचा नव्हे, लाजविण्याचा. आमचे बँकवाले स्नेही भिंतीकडे पाहून म्हणाले, ‘‘यात भिंत कशाला हवी? आमच्या शाखेत सर्वांचे पासवर्ड साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर असत, आणि तेही पूर्ण.’’

हा सारा मेळा द्यूतगृहांच्या नगरीत भरावा, यात नियतीची मोठी मखलाशी आहे. दाराबाहेर जी यंत्रे अहोरात्र वृद्धांची पेन्शन गिळतात, त्यांचे गणित मालकाच्या बाजूने झुकते ठेवण्यास कायद्याची रीतसर मंजुरी असते. आत जो त्या यंत्राचे झाकण उघडून गणित पाहू इच्छितो, तो मात्र संशयित. सरकारचेही या मंडळींशी नाते असेच सासुरवाडीचे. गर्दीतला गुप्त सरकारी माणूस ओळखून दाखविण्याचा खेळ येथे पूर्वापार चालत आला. २०१२ साली तर अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे प्रमुख जनरल किथ अलेक्झांडर स्वतःच गणवेश उतरवून, जीन व टी-शर्ट घालून व्यासपीठावर आले आणि देशरक्षणार्थ सहकार्याची याचना करते झाले. पुढल्याच वर्षी त्या संस्थेच्या पाळतीचे दप्तर एडवर्ड स्नोडेनने जगापुढे उलगडले, तेव्हा मॉसने सरकारी पाहुण्यांना यंदा न येणेच बरे, असे अदबीने कळविले. विश्वासघात झाला असता निमंत्रण मागे घ्यावे, एवढी तालीम या तथाकथित चोरांपाशी होती.

२०१७ साली येथे मतदानयंत्रांचे एक गाव वसले. जुनी यंत्रे विकत आणून टेबलावर मांडण्यात आली, आणि पहिल्या काही तासांतच त्यांपैकी काहींचे अंतरंग लोकांनी उघडून दाखविले. त्याबद्दल कोणास बेड्या पडल्या नाहीत. उलट सप्टेंबरात व्हर्जिनिया राज्याने कागदी पुरावा न ठेवणारी आपली यंत्रे बाद ठरविली. येथे आमच्या वकीलमित्रांनी २०१० सालचे एक प्रकरण काढले. हैदराबादचे अभियंते हरिप्रसाद यांनी दोन परदेशी संशोधकांसह भारतीय मतदानयंत्रातील उणिवांचे प्रात्यक्षिक प्रसिद्ध केले. ते यंत्र मुंबईतील सरकारी कोठारातून चोरीस गेलेले असल्याच्या आरोपावरून ऑगस्टात मुंबई पोलिसांनी त्यांस अटक केली, आणि त्याच साली अमेरिकेतील एका नामांकित नागरी हक्क संस्थेने त्यांस पुरस्कार दिला. यंत्र निर्दोष की सदोष, हा वाद तज्ज्ञांनी लढवावा. तूर्त आम्ही इतकेच नमूद करतो, की कुलूप कच्चे आहे असे सांगणाऱ्याची रुजुवात करताना आपण कुलुपाकडे शेवटी पाहतो.

याचा प्रत्यय येण्यास आम्हास फार थांबावे लागले नाही. परतल्यावर आमच्या तरुण मित्राने सचिवांना नम्रपणे दाखवून दिले, की फाटकावरील टॅबलेटचा पासवर्ड एक ते सहा असे क्रमवार आकडे आहेत, आणि त्यात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, मोबाईल व आधारकार्डाचे छायाचित्र मोलकरणींपासून जावयांपर्यंत कोणासही न वगळता साठविलेले आहे. तातडीची सभा बोलाविण्यात आली, चहा झाला, आणि पुढील ठराव एकमताने संमत झाला: सदर सभासदाने परदेशी जाऊन संशयास्पद विद्या संपादन केल्याचे निदर्शनास आले असल्याने त्यांचेकडून लेखी खुलासा मागविण्यात यावा, सदर प्रकाराची वाच्यता संस्थेबाहेर होऊ देऊ नये, आणि सुरक्षेच्या दृष्टीने यापुढे सभासदांचीही आधारकार्डे त्याच टॅबलेटमध्ये घ्यावीत. पासवर्ड बदलण्याचा विषय सूचनापत्रिकेवर नसल्याने तो अध्यक्षांच्या परवानगीने पुढील वार्षिक सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला.